महालक्ष्म्यांपुढे पाच व्होल्टची दीपमाळ

भाद्रपद जवळ आला की आपल्या मराठवाड्यात घरोघरी एकच लगबग सुरू होते. माळ्यावरून पत्र्याच्या कोठ्या खाली येतात, मुखवटे पुसले जातात, यंदा थोरलीला कोणती साडी आणि धाकटीला कोणती यावर जावाजावांत खल होतो. अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्म्या यायच्या, ज्येष्ठावर जेवायच्या आणि मूळ नक्षत्रावर निघायच्या. या तीन दिवसांतलं सगळं काम बायकांच्या हातचं. सोळा भाज्या, पुरण, आंबील, फुलोरा, साड्या नेसवणं, दागिने घालणं, सगळं. एकच काम तेवढं परक्या हातांचं, ते म्हणजे 'लायटिंग'. त्यासाठी दिरांची, भाच्याची, नाहीतर गल्लीतल्या एखाद्या हुशार मुलाची वाट पाहायची. तो येईल तेव्हा येणार, बाजारातल्या दोन माळा मखराला गुंडाळणार आणि "वहिनी, हात लावू नका बरं का" असं बजावून जाणार.

त्याचं बजावणं खरं आहे. पण हात का लावायचा नाही, हे एकदा नीट समजून घेतलं, तर बिनधास्त हात लावता येईल अशी रोषणाई आपली आपल्याला करता येते. मी बी.ए. झाले ती मराठी घेऊन. विजेचं शिक्षण म्हणाल तर दहावीच्या विज्ञानापुरतं. तरीही पुठ्ठ्याची एक दीपमाळ करून तिच्यात बारा एलईडी दिवे बसवण्याइतकी विद्या मला पुरली, तुम्हालाही पुरेल.

आधी त्या माळांचं पाहू. दुकानदार सांगतो, "ताई, एलईडी आहे, काही होत नाही." एलईडीच्या एका दिव्याला दोन ते तीन व्होल्ट पुरतात, हे खरंच आहे. पण माळेत असे कितीतरी दिवे एकापुढे एक जोडून ती थेट भिंतीतल्या २३० व्होल्टला लावलेली असते. दिवा तीन व्होल्टचा असला, तरी ती तार घरातल्या मुख्य विजेचीच तार. तिचं पातळ प्लॅस्टिक कुठे चिरलं, उंदराने कुरतडलं किंवा मखराच्या टाचणीने टोचलं, की त्या जागी बोट लागणं आणि प्लगमध्ये बोट घालणं यात फारसा फरक राहत नाही. आपलं महालक्ष्म्यांपुढचं वावरणं कसं असतं ते आठवा. अनवाणी पाय, नुकतीच पुसलेली ओली फरशी, हातात पाण्याचा तांब्या. विजेला आवडणाऱ्या सगळ्या गोष्टी आपण एका जागी गोळा केलेल्या असतात. शिवाय भोवती कापसाची वस्त्रं, रेशमी पदर, सुकत चाललेली फुलं आणि रात्रभर तेवणारी समई.

माळ कुठल्या जातीची हे ओळखायचं कसं? प्लगपासून थोड्या अंतरावर लुकलुक बदलणारी चपटी डबी असते, ती पाहून पुष्कळजणी फसतात. ती डबी दिव्यांचा खेळ बदलते, वीज कमी करीलच असं नाही. प्लगवर किंवा ॲडॅप्टरवर 'आउटपुट' असा शब्द आणि पुढे ५ किंवा १२ व्होल्ट असं छापलेलं असेल, तर ती माळ कमी दाबाची. नुसते २३० व्होल्ट लिहिलेले असतील, किंवा काहीच लिहिलेलं नसेल, तर ती वर टांगायची, लहान मुलांच्या आणि ओल्या हातांच्या आवाक्याबाहेर. आरशीत, पाटाजवळ, धान्याच्या राशीत ती गुंफायची नाही. गेल्या काही वर्षांत धान्याच्या राशीत माळ पेरायची टूम निघाली आहे, ती मला मुळीच पसंत नाही.

आता हा एलईडी म्हणजे आहे तरी काय? जुन्या बल्बमध्ये तार तापून लाल व्हायची आणि उजेड द्यायची, म्हणून बल्बला हात लावला की चटका बसे. एलईडीत तापणारी तार नाही. मिठाच्या खड्याएवढा अर्धवाहक पदार्थाचा तुकडा असतो, त्यातून वीज गेली की त्याचाच उजेड पडतो. डोळ्यांना दिसेल असा लाल एलईडी १९६२ साली अमेरिकेत निक होलोन्याक यांनी केला. टेपरेकॉर्डरवरचा तो लाल ठिपका आठवतो ना, तो याचाच वंशज. लाल आला, हिरवा आला, पण निळा काही केल्या धड जमेना. तो १९९० नंतर जपानमध्ये जमला. निळ्यावर पिवळ्या चकाकणाऱ्या पदार्थाचा लेप दिला की पांढरा उजेड मिळतो, म्हणून निळ्याचं एवढं महत्त्व. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते या निळ्या दिव्यासाठीच. त्याच्या पुढच्याच वर्षी, २०१५ मध्ये, आपल्याकडे उजाला योजनेतले स्वस्त एलईडी बल्ब घरोघर पोहोचले. मोठा बल्ब सगळ्यांनी घेतला. त्याचं तांदळाएवढं धाकटं भावंड मात्र अजून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातल्या बरणीतच पडून असतं, आणि आपल्याला हवं आहे तेच.

दीपमाळच का, असं कोणी विचारील. एक तर ती आपली आहे. जेजुरीच्या दीपमाळा बहुतेकींनी पाहिल्या असतील. आपल्याच जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला जुनी हेमाडपंती देवळं आहेत आणि कोरीव दगडी स्तंभ आहे. मुलांना तो दाखवून आणलात, तर पुठ्ठ्यावर नक्षी काय काढायची हे वेगळं सांगावं लागत नाही. दुसरं कारण सोयीचं. दीपमाळ आतून पोकळ केली की सगळ्या तारा पोटात राहतात, बाहेर फक्त दिव्यांची टोकं दिसतात.

कापडाच्या दुकानात ताग्याच्या आत पुठ्ठ्याची जाड नळी असते. ओळखीच्या दुकानदाराकडे मागितली तर तो फुकट देतो. दीड-दोन फुटांचा तुकडा पुरे. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिक आणि थर्माकोलवर बंदी आली तेव्हा आरशीचं कसं होणार म्हणून पुष्कळजणी हळहळल्या होत्या. मला विचाराल तर पुठ्ठा थर्माकोलपेक्षा कितीतरी गुणी. रंग धरतो, वाकतो आणि खळीने चिकटतो. बूड म्हणून बुटांचा रिकामा खोका पालथा घाला आणि त्याला नळीच्या मापाचं भोक पाडून नळी त्यात रोवा. दिवे ठेवायचे हात जाड कार्डाच्या घड्या घालून करा, चार ओळींत तीन-तीन. प्रत्येक हाताच्या मुळाशी दाभणाने भोक पाडा. पाच मिलिमीटरचा एलईडी त्यात घट्ट बसला पाहिजे. भोक आधी लहानच पाडावं, मोठं करता येतं. मोठं झालेलं लहान होत नाही.

यातली खरी मेख आता ऐका. नळीच्या पोटात हात जात नाही. सगळं चिकटवून, रंगवून झाल्यावर तारा जोडायला बसलं की रडू येतं. म्हणून सुरुवातीलाच नळीला मागच्या बाजूने वरपासून खालपर्यंत धारदार पात्याने उभी चीर द्या आणि तीन बोटं रुंदीची पट्टी कापून काढा. ब्लाउजची पाठ उघडी ठेवून आधी आतलं काम उरकतो, तसंच हे. सगळं जोडून, पेटवून पाहिलं, की पट्टी परत लावून वरून कागद चिकटवायचा. आणि तोही कायमचा नको, पुढच्या वर्षी एखादा दिवा रुसला तर उघडता आला पाहिजे.

आता तारांचं. एलईडीला दोन पाय असतात, एक लांब, एक आखूड. लांब पाय धन, आखूड पाय ऋण. पाय कापलेले असतील तर दिव्याची कड बोटाने चाचपा. एका बाजूला ती सपाट लागते, ती ऋण बाजू. साधा बल्ब कसाही लावला तरी पेटतो, हा उलटा लावला की गप्प बसतो. पाच व्होल्टच्या कामात त्याने बिघडत नाही, फिरवून लावा की पेटला.

पण त्याला थेट वीज द्यायची नाही. त्याच्या पोटाला तीन व्होल्ट पुरतात, आपण पाच देणार. वरच्या दोन व्होल्टना आवर घालायला मध्ये एक रोधक लागतो. शाळेच्या पुस्तकात रोधक, दुकानात मात्र 'रेझिस्टन्स' म्हणा, नाहीतर दुकानदार तोंडाकडे पाहत राहील. किती ओहमचा घ्यायचा? इथे दहावीतला ओहमचा नियम कामाला येतो, आणि गणित दुधाच्या हिशेबाइतकंच सोपं आहे. उरलेले व्होल्ट भागिले हवी तेवढी वीज. हे दिवे २० मिलिॲम्पिअरपर्यंत चालतात, पण आरशीत डोळे दिपवायचे नसतात; मी १० च धरते, म्हणजे ०.०१ ॲम्पिअर. दोन भागिले ०.०१, बरोबर २०० ओहम. बाजारात जवळचा आकडा २२० चा मिळतो, तो घ्यावा. त्याच्या अंगावर लाल, लाल, तपकिरी आणि शेवटी सोनेरी असे पट्टे असतात. लाल किंवा पिवळा दिवा घेतला तर तो दोनच व्होल्ट खातो, तीन उरतात, म्हणून त्याला ३३० चा लावायचा: नारिंगी, नारिंगी, तपकिरी. पाव वॉटचा रेझिस्टन्स दोन्हींकडे पुरून उरतो. समईच्या ज्योतीसारखा उजेड हवा असेल तर दुकानात 'वॉर्म व्हाइट' मागा. नुसता पांढरा म्हणालात तर दवाखान्यातल्यासारखा निळसर मिळेल, आणि त्या उजेडात हळदीकुंकवाचा रंगसुद्धा आजारी दिसतो.

प्रत्येक दिव्याला त्याचा स्वतःचा रेझिस्टन्स द्या. बारा दिव्यांना मिळून एकच लावला तर चार पैसे वाचतील, पण सगळे दिवे अगदी सारखे नसतात. एखादा अधाशी जास्त वीज ओढतो, आधी तो जातो, मग त्याचा वाटा बाकीच्यांवर पडून तेही एकेक करून जातात. एकत्र कुटुंबात राहिलेलीला हे जास्त समजावून सांगायला नको.

जोडणी अशी. नळीच्या आत दोन उभ्या तारा सोडा, एक लाल, एक काळी. प्रत्येक दिव्याचा लांब पाय रेझिस्टन्समधून लाल तारेला, आखूड पाय सरळ काळ्या तारेला. बारा वेळा हेच करायचं. तार सोलून पीळ द्यायचा तो वाती वळण्याच्या हाताने, घट्ट आणि एकाच दिशेने. हा हात आपल्याला शिकावा लागत नाही. नुसत्या पिळावर तीन दिवस निभावतात. जास्त टिकवायचं असेल तर सोल्डरिंग आयर्नने डाग द्यावा. २५ वॉटचं पुरतं. दिव्याचा पाय दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त तापवू नये. सोल्डरच्या तारेत कथलाबरोबर बहुधा शिसंही असतं, तेव्हा हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर नको. खिडकीपाशी बसा, लहान मुलं जवळ नकोत, घरात कोणाला दिवस असतील तर तिने या कामाला बसू नये, आणि उठल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय कणकेला हात लावू नका. प्रत्येक जोडावर टेप गुंडाळा. लाल तारेचा उघडा भाग काळीला लागता कामा नये, एवढं एक पथ्य कडक पाळायचं.

कारण पाच व्होल्टचा झटका बसत नाही हे खरं, पण पाच व्होल्टने काही तापतच नाही असं नाही. दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर चांगला चार्जर आपण होऊन थांबतो, हलका चार्जर तापत राहतो. त्यासाठी वीज द्यायला मोबाइलचा जुना, चांगल्या कंपनीचा चार्जर घ्या, त्यावर बीआयएसचं चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो तो पाहून. फुटपाथवरचा चाळीस-पन्नास रुपयांचा चार्जर इथे वापरू नका. २३० व्होल्टना दाराबाहेर अडवून धरायचं सगळं काम त्या चार्जरवरच आहे, पहारेकरीच कच्चा असला तर बाकीच्या काळजीचा उपयोग काय? चार्जरवर 'आउटपुट ५ व्होल्ट, १ ॲम्पिअर' असं असेल तर म्हणजे १००० मिलिॲम्पिअर. आपले बारा दिवे मिळून घेणार सव्वाशेच्या आत. म्हणजे चार्जरला हे ओझं काहीच नाही.

चार्जिंगची एखादी टाकाऊ वायर घ्या, जुन्या रुंद चपट्या तोंडाची. ती प्लगमध्ये नसताना मोबाइलकडचं टोक कापून टाका. आत सहसा चार तारा निघतात. लाल धन, काळी ऋण. हिरवी आणि पांढरी आपल्या कामाच्या नाहीत, त्यांची टोकं वेगवेगळी टेपने बंद करा. स्वस्त वायरींत कधी रंग वेगळेच निघतात. अशा वेळी एक दिवा आणि एक रेझिस्टन्स लावून पाहावं, पेटला की कळतंच कोण धन आणि कोण ऋण. चार्जर भिंतीतल्या बोर्डात, वायर पाटामागून, आणि आरशीत येते ती फक्त पाच व्होल्टची वीज. वीज गेली तर हीच वायर पॉवर बँकेला लागते. एक-दोनच दिवे असतील तर पुष्कळ पॉवर बँका 'काही जोडलेलंच नाही' असं समजून थोड्या वेळात झोपी जातात. बारा दिवे असले तर बहुधा जाग्या राहतात. भारनियमनाच्या त्या जुन्या वर्षांत ऐन हळदीकुंकवाच्या वेळी अंधार व्हायचा आणि बायका कंदिलाच्या उजेडात मुखवटे पाहून जायच्या. परभणीत तेव्हा नांदलेल्या कोणालाही विचारा.

पूर्ण जोडून झाली की पट्टी लावण्याआधी दीपमाळ तासभर पेटती ठेवा आणि हाताची मागची बाजू प्रत्येक जोडाजवळ व चार्जरजवळ नेऊन पाहा. चार्जर किंचित कोमट लागेल, जोड मात्र गारच असायला हवेत. कुठे ऊब लागली, तर तो जोड सोडून परत करा. रात्री सगळे झोपले की बोर्डाचं बटण बंद. समई तेवती ठेवायची रीत आहे, चार्जर तेवता ठेवायची नाही.

एक गोष्ट मात्र जरा थांबून सांगायला हवी. तार नको, प्लग नको म्हणून बाजारात बटणासारख्या चपट्या सेलवरच्या प्लॅस्टिकच्या पणत्या मिळतात. दिसतात गोड. पण तो सेल लहान मुलाने गिळला, तर तो अन्ननलिकेत अडकून दोन तासांच्या आत आतलं मांस भाजू लागतो. मूल रडेलच असं नाही, नुसती लाळ गळते, खात नाही, आणि आपण म्हणतो सणाचं गोड बाधलं असेल. सेल गिळल्याची शंका जरी आली तरी वाट पाहायची नाही, उलटी काढायची नाही, तडक मोठ्या दवाखान्यात जायचं आणि एक्स-रे काढायला सांगायचं. हळदीकुंकवाला बायका कडेवर मुलं घेऊन येतात, ती आरशीजवळ खेळतात. मी या पणत्या घरात आणत नाही. तुम्ही आणल्याच, तर सेलच्या झाकणाला स्क्रू आहे ना, हे पाहून घ्या.

मागच्या पडद्यावर उजेडाची झालर हवी असेल तर १२ व्होल्टची चिकटपट्टी मिळते. ती बहुधा दर तीन दिव्यांनंतर कात्रीची खूण असते तिथेच कापायची, आणि मीटरला किती वॉट लागतात ते दुकानात विचारून त्याच्या दीडपट ताकदीचा ॲडॅप्टर घ्यायचा. गुंडाळी न सोडता पेटवून ठेवू नका, तापते. घराच्या मुख्य बोर्डात आरसीसीबी नावाचं यंत्र आहे का, तेही या निमित्ताने पाहा. शरीरातून वीज जाऊ लागली की ते डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतं. त्यावर 'टेस्ट' असं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबून ते काम करतंय ना हे बघावं. नसेल तर जाणत्या वायरमनकडून बसवून घ्या. ते काम २३० व्होल्टचं, तिथे आपण हात घालायचा नाही.

मी अर्धवेळ शिकवायला जाते, तिथे विज्ञान प्रदर्शनाच्या दिवसांत दरवर्षी एक गंमत पाहायला मिळते. गट पाडले की मुली आपण होऊन पुठ्ठा, चमकी आणि नाव लिहायची पाटी घेतात. बॅटरी आणि तारा मुलांकडे जातात. कोणी सांगितलेलं नसतं. एका वर्षी मी मुद्दाम उलटं केलं. सातवीतली एक मुलगी, शिवणकाम करणाऱ्या आईची, तिने सहा दिव्यांचं गाव जोडलं. एक दिवा पेटेना. बाईंकडे न येता तिने तो फिरवून लावला, तो पेटला, आणि मगच ती मला सांगायला आली. मुलाने जोडलेल्या तारांपेक्षा तिचे पीळ बारीक होते. वायर सोलताना तांब्याचा एक तंतूही तुटलेला नव्हता. आमच्या घरी यंदा दिरांचा फोन आला, "वहिनी, लायटिंगला कधी येऊ?" म्हटलं, जेवायलाच या.

विसर्जन झालं की वायर काढून सैल गुंडाळा, गाठ मारू नका, आतली तांब्याची तार तुटते. दीपमाळ जुन्या सुती साडीत बांधून कोठ्यांशेजारी माळ्यावर ठेवा, म्हणजे त्रिपुरी पौर्णिमेला खरी दीपमाळ लावतात त्या रात्री ती पुन्हा काढता येईल. बुडाच्या खोक्यात चिठ्ठी टाकून ठेवा: चार्जर पाच व्होल्टचा, रेझिस्टन्स २२० चे, लाल तार धन. आणि वॉर्म व्हाइटचे दोन दिवे जास्तीचे.